ऑपरेशन नोटमध्ये ‘सबटोटल’ लिहिलंय, म्हणजे पित्ताशय अर्धवट सोडलं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईचं वय ५८, मधुमेह आहे. पित्ताशयात खडे असल्याचं काही वर्षांपूर्वीच सोनोग्राफीत दिसलं होतं, पण त्रास नव्हता म्हणून तसंच राहिलं. यंदा चतुर्थीच्या आठवड्यात उजव्या बरगडीखाली जोरात दुखलं, ताप आला, ॲडमिट करून ॲंटिबायोटिकवर ते शांत झालं. डॉक्टर तेव्हाच ऑपरेशन करू म्हणत होते, पण घरात पाहुणे, शुगर वाढलेली, म्हणून दिवाळीनंतर ठरलं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, अडीच तास लागले. डिस्चार्ज कार्डावर ‘दाट चिकटलेपणा, कॅलॉट्स ट्रँगल गोठलेला, सबटोटल कोलेसिस्टेक्टॉमी केली, ड्रेन ठेवला’ असं लिहिलंय. ड्रेनमधून, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीतून, हिरवट-पिवळं पाणी येतंय. सुरुवातीला दिवसाला २५० मिली होतं, आज आठव्या दिवशी ९० आहे. शेजारच्या काकी त्याच हॉस्पिटलातून, त्याच ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी घरी आल्या. आणि तुम्ही विचारताय की ऑपरेशन बिघडलं का, खडे परत होतील का, आणि आईला डिचोलीहून बेळगावला न्यावं का.

मी गोव्यातच सर्जन आहे आणि पित्ताशयाची ऑपरेशनं हे माझं रोजचं काम आहे. तुमच्या आईला मी तपासलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं कार्डावरच्या मजकुरावर आणि तुम्ही दिलेल्या माहितीवर आधारलेलं आहे. तिला ताप आहे का, डोळे पिवळे दिसतात का, जेवण जातं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. त्याकडे पुढे येतोच.

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच शंका दिसते: सर्जनला जमलं नाही म्हणून त्यांनी काम मध्येच सोडलं का? कार्डावर जे लिहिलंय ते खरं धरलं तर माझं उत्तर स्पष्ट आहे. त्यांनी थांबायला हवं होतं तिथेच थांबून तुमच्या आईची मुख्य पित्तनळी वाचवली. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. का म्हणतो ते समजून घ्या.

साधं पित्ताशय कॅमेऱ्यात कसं दिसतं ते आधी सांगतो. बेंबीतून कॅमेरा आत गेला की लिव्हरच्या कडेखाली एक निळसर-हिरवी, पातळ भिंतीची, मऊ पिशवी दिसते. चिमट्याने तिचं टोक धरून वर उचललं की खालचा भाग ताणला जातो आणि जिथे पिशवी निमुळती होते तिथे एक त्रिकोण उघडतो. तोच कॅलॉट्स ट्रँगल. या त्रिकोणात पित्ताशयाची बारीक नळी आणि त्याची रक्तवाहिनी असते, आणि अगदी शेजारून लिव्हरकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनळी जाते. मुख्य नळीची रुंदी साधारण ६ मिलिमीटर. पित्ताशयाची नळी कापायची असते आणि मुख्य नळीला धक्काही लावायचा नसतो, आणि दोघींमधलं अंतर कधी कधी एका नखाएवढं. तरीही निरोगी पेशंटमध्ये चरबी मऊ असते, थर आपोआप सुटे होतात. पिकलेल्या फणसाचा गरा बोट लावताच सुटावा तसं पित्ताशय लिव्हरपासून सुटतं. पाऊण-एक तासात काम होतं.

आता तुमच्या आईच्या कार्डावरचे शब्द घ्या. ‘दाट चिकटलेपणा’ म्हणजे कॅमेरा आत गेल्यावर पित्ताशय दिसलंच नसणार. पोटातला चरबीचा पडदा त्याला चहूबाजूंनी गुंडाळून बसलेला असतो, कधी लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि मोठं आतडंही ओढलं जाऊन चिकटलेलं असतं. चतुर्थीला जी सूज आली तिला आवर घालण्यासाठी शरीरानेच केलेली ही व्यवस्था. तो पडदा मिलिमीटर-मिलिमीटरने सोडवावा लागतो, कारण त्याच्यामागे आतड्याची भिंत असू शकते. सोडवताना सगळीकडून बारीक रक्त झिरपतं, चित्र लाल होतं, धुऊन, शोषून पुन्हा बघावं लागतं. अडीच तासांतला बराचसा वेळ इथेच गेला असणार.

मग ‘कॅलॉट्स ट्रँगल गोठलेला’. खडा पित्ताशयाच्या मानेत अडकून बसला, सूज येऊन ती आठवडेच्या आठवडे जिरत राहिली की त्या त्रिकोणातली मऊ चरबी जाऊन तिथे पांढरा, कडक, चामड्यासारखा थर तयार होतो. त्यात नळी कुठली, वाहिनी कुठली, लिव्हरची कडा कुठे संपते, काही कळत नाही. आणखी एक धोका असतो. हा थर आकसताना मुख्य पित्तनळीला पित्ताशयाकडे ओढून घेतो. त्यामुळे सर्जनला जी ‘पित्ताशयाची नळी’ वाटते ती प्रत्यक्षात मुख्य नळी असू शकते.

पित्ताशयाचं पहिलं ऑपरेशन १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पोट उघडून केलं, आणि पुढची शंभर वर्षं तीच पद्धत होती. १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूह यांनी ते दुर्बिणीतून केलं. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी त्याची सुरुवात केली. पेशंटला दुखणं कमी, सुट्टी लवकर, त्यामुळे ही पद्धत जगभर झपाट्याने पसरली. पण ओपन ऑपरेशनमध्ये मुख्य नळीला इजा व्हायची ती साधारण हजारात एक-दोघांना, ते प्रमाण दुर्बिणीच्या सुरुवातीच्या काळात चार-पाचांवर गेलं. कारण बहुतेक वेळा एकच निघालं: सर्जनने मुख्य नळीलाच पित्ताशयाची नळी समजून क्लिप लावली आणि कापली.

यातून अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये जो नियम मांडला तो आज प्रत्येक शिकाऊ सर्जनला शिकवला जातो. त्रिकोण पूर्ण मोकळा करा, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा लिव्हरपासून सोडवा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी डोळ्यांना दिसू द्या. त्याशिवाय काहीही कापायचं नाही. हे तीनही साधत नसेल तर? तर पुढे रेटायचं नाही. सुरक्षित वाट धरायची. ‘सबटोटल’ ही त्यातली एक वाट, पोट उघडून ओपन करणं ही दुसरी. पण गोठलेला त्रिकोण पोट उघडलं तरी गोठलेलाच असतो. बोटांना स्पर्श कळतो इतकाच फायदा. म्हणून अनुभवी सर्जन आज बऱ्याचदा दुर्बिणीतूनच सबटोटल करतात.

सबटोटलमध्ये करतात काय? धोक्याच्या त्रिकोणापासून दूर, वरच्या भागात पित्ताशय उघडतात, आतले सगळे खडे आणि पू बाहेर काढतात, भिंतीचा जास्तीत जास्त भाग कापून काढतात आणि मानेजवळची थोडी कड मुद्दाम ठेवतात. ती कड म्हणजे मुख्य नळी आणि कात्री यांच्यामधलं सुरक्षित अंतर. मुख्य नळी कापली गेली असती तर आईला लहान आतडं वर आणून नळीला जोडण्याचं फार मोठं ऑपरेशन लागलं असतं, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं ताप, कावीळ, तपासण्या. ज्या घरांनी हे भोगलंय ती मी जवळून पाहिली आहेत. त्यापुढे काही दिवसांचा ड्रेन मला शंभर वेळा मान्य आहे.

ऑपरेशन पुढे ढकललं म्हणून हे झालं का, असंही तुमच्या मनात असणार. काही अंशी हो. झटका आल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात ऑपरेशन केलं तर तिथे सूज असते, पण ती पाण्याची सूज असते आणि त्या पाण्यामुळे थर उलट सुटे व्हायला मदत होते. आठवडा उलटला की तेच घट्ट व्हायला लागतं. म्हणून आजकाल शक्य असेल तर त्याच ॲडमिशनमध्ये करून घ्या असं आम्ही सांगतो. पण शुगर खूप वाढलेली असेल तर थांबण्यालाही अर्थ असतो. शिवाय आईचे खडे अनेक वर्षांचे. चतुर्थीच्या आधीही लहानसहान झटके येऊन गेले असतील, जे तिने ‘गॅस झाला’ म्हणून ओव्याच्या पाण्यावर काढले असतील. मधुमेहात पोटातलं दुखणं कमी जाणवतं आणि आतलं बिघडलेलं जास्त असतं. तेव्हा याचं खापर कुणी स्वतःवर फोडून घेऊ नका, आईवर तर मुळीच नको.

आता ड्रेन. लिव्हर रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. शिल्लक कडेमधली नळीची तोंडं कधी शिवता येतात, कधी आतली सूज इतकी असते की टाका धरतच नाही. मग तिथून थोडं पित्त झिरपतं. म्हणूनच ड्रेन ठेवतात: पित्त पोटात साचण्याऐवजी नळीवाटे बाहेर यावं. पिशवीत पित्त दिसतंय म्हणजे ड्रेन आपलं काम चोख करतोय.

आकड्याइतकाच त्याचा कल महत्त्वाचा. २५० वरून ९० वर आलंय, म्हणजे दिशा बरोबर आहे. असं उतरत जाणारं झिरपणं बहुधा काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत आपोआप बंद होतं. एक वही करा. रोज सकाळी एकाच वेळी पिशवी रिकामी करायची, मिली मोजायचे, रंग लिहायचा. आणि हे नीट लक्षात घ्या: ड्रेन अचानक शून्यावर आला आणि त्याच दिवशी आईला ताप किंवा पोटफुगी सुरू झाली, तर ते बरं होणं समजू नका. नळी गुठळीने अडकली असू शकते आणि पित्त आत साचत असू शकतं. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पाणी कमी व्हायचं थांबलं, वाढायला लागलं किंवा रोज दोन-तीनशेच्या वरच राहिलं, तर डॉक्टर ईआरसीपी सुचवतील. तोंडावाटे दुर्बीण घालून मुख्य नळीच्या आतड्यातल्या तोंडाशी एक छोटी प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. पित्ताला आतड्यात उतरायची सोपी वाट मिळाली की गळतीच्या जागेवरचा दाब कमी होतो आणि ती भरून येते. मुख्य नळीत एखादा खडा उरला असेल तर तोही त्याच वेळी निघतो. हे ऑपरेशन नव्हे, पोटावर छेद लागत नाही. फक्त एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. स्टेंट बसलाच तर तो साधारण चार ते आठ आठवड्यांत काढायचा असतो. पेशंटला बरं वाटायला लागतं, तारीख मागे पडते, आणि काही महिन्यांनी तुंबलेल्या स्टेंटमुळे थंडी वाजून ताप आणि कावीळ घेऊन तोच पेशंट परत येतो. काढायची तारीख घरातल्या कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवा.

शेजारच्या काकींबद्दल. त्यांचं आणि आईचं ऑपरेशन नावाने एक असलं तरी आतली परिस्थिती पूर्ण वेगळी असणार. मऊ, पातळ पित्ताशय आणि चार-सहा खडे असतील तर पेशंट संध्याकाळी चालतो, दुसऱ्या दिवशी घरी जातो, आठ-दहा दिवसांत ऑफिसला लागतो. गोठलेल्या पित्ताशयात पाच-सात दिवसांचा मुक्काम, ड्रेन, महिनाभर थकवा, हे सगळं अपेक्षितच आहे. पेशंट बरा होण्याचा वेग आत काय सापडलं त्यावर ठरतो, बाहेरच्या चार छेदांवर नाही. म्हणून माझ्या पेशंटच्या घरच्यांना मी नेहमी सांगतो की तुलना करायची तर आपल्या ऑपरेशन नोटशी करा.

पुढच्या काही आठवड्यांत काय होऊ शकतं तेही सांगतो. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्याने पहिले दोन-तीन दिवस उजवा खांदा दुखतो. ते आता सरलं असेल. जेवण हळूहळू वाढवा. पेज, मूगडाळ, भाजी, उकडलेला किंवा पातळ हुमणातला मासा चालेल. नारळ कायमचा बंद करायची गरज नाही, सुरुवातीला कमी ठेवा एवढंच. तळलेलं आणि शागोती महिनाभर लांब. पित्त लिव्हर बनवतं, पित्ताशय ते फक्त साठवायचं. त्यामुळे पचन थांबत नाही. काहींना जेवल्यावर लगेच पातळ शौचाला होतं, ते बहुतेकांचं काही आठवड्यांत सावरतं. शुगर मात्र रोज तपासा, कारण जखम भरणं आणि जंतू आटोक्यात राहणं दोन्ही तिच्यावर आहे.

आई कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, काम करते असं तुम्ही लिहिलंय. नारळाची पाटी, पाण्याची कळशी, शिंपणाची जड पाइप, यातलं काही सहा आठवडे उचलू देऊ नका. बेंबीतला छेद त्यातल्या त्यात मोठा असतो, खडे आणि पित्ताशय बहुधा तिथूनच बाहेर काढतात, आणि जोर पडला तर तिथे हर्निया होतो. घरात मात्र तिला भरपूर चालू द्या. गादीवर पडून राहिल्याने पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

महिन्याभराने एखाद्या छेदाच्या जागी छोटी गाठ आली किंवा पातळ पाणी येत राहिलं आणि साध्या ॲंटिबायोटिकने गेलं नाही, तर सर्जनला दाखवा. क्षयाच्या जंतूंच्या नात्यातले काही जंतू असा उशिराचा संसर्ग करतात. त्याची औषधं वेगळी असतात आणि बराच काळ घ्यावी लागतात.

वाट न पाहता हॉस्पिटलला न्यायच्या खुणा या: ताप, डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढुरकं, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, सतत उलट्या, पोट ताठ होणं, किंवा नाडी उगाचच जोरात चालणं. मधुमेही माणसाला ताप न येताही आत पू होऊ शकतो. नुसतं ‘बरं वाटत नाही, काही खावंसं वाटत नाही’ असं आई दोन दिवस म्हणाली तरी तेवढ्यावर तपासून घ्या.

खडे परत होतील का? कड कशी ठेवली त्यावर ते आहे. कड शिवून बंद केली असेल तर छोटी पिशवी तयार होते. त्यात गळती कमी, पण पुढे काही जणांना पुन्हा खडे होऊ शकतात. कड उघडी ठेवली असेल तर सुरुवातीला गळतीची शक्यता जास्त, पण नंतर खड्यांचा त्रास कमी. आईचं झिरपतंय यावरून दुसरा प्रकार असावा असा माझा अंदाज, पण तो सर्जनलाच विचारा, कार्डावर लिहून घ्या. पुढे कधी उजवीकडे पूर्वीसारखंच दुखलं तर ‘पित्ताशय तर काढलंय’ म्हणून कुणी तो विषय सोडू नये, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय, करावी.

बेळगावला न्यायचं का? आज, या आकड्यांवर, मी नेणार नाही. ड्रेन लावलेल्या बाईला चोर्ला घाटातून खडखडत नेऊन हाती काय लागणार? ईआरसीपी लागली तर ती गोव्यात होते. आत काय पाहिलं, कुठे थांबलं, कड कशी ठेवली, हे एकाच माणसाला प्रत्यक्ष माहीत आहे आणि तो तुमचा सर्जन आहे. त्यांच्याशी बोला. आरोप न करता विचारा: त्रिकोण का उघडला नाही, सगळे खडे निघाले का, आत सांडलेला एखादा राहिला का, ड्रेन कधी काढणार आणि किती मिली झाल्यावर. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. रेकॉर्डिंग असेल तर तेही दाखवतो. दुसरं मत घ्यायचा हक्क तुम्हाला आहेच. ते घ्यायचं तर पूर्ण ऑपरेशन नोट, रक्ताचे रिपोर्ट आणि ड्रेनची वही सोबत न्या. बघणाऱ्याला त्यावरूनच काही सांगता येईल. ऑपरेशन गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर झालं असेल, तर पुढच्या ईआरसीपीला तेच कार्ड चालेल का हे आत्ताच विचारून ठेवा, गडबडीच्या दिवशी नको.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. काढलेला भाग तपासणीला पाठवला का, हे कार्डावर बघा. नसेल लिहिलं तर विचारा. जाड, गोठलेल्या पित्ताशयाची बायोप्सी झालीच पाहिजे. जुन्या सुजेचा एक प्रकार कॅन्सरसारखाच दिसतो, आणि क्वचित खरोखरच कॅन्सर लपलेला निघतो. हा आजार उत्तर भारतात गंगेच्या पट्ट्यात जास्त आढळतो, आपल्याकडे त्या मानाने बराच कमी, आणि आईचा रिपोर्ट ‘जुनी सूज’ असाच येण्याची शक्यता कितीतरी जास्त. पण तिच्या बाबतीत थोडी कड आत आहे, म्हणून तो कागद हातात घेऊन, सर्जनसमोर बसून वाचून घ्यायचा. साधारण आठवडा-दहा दिवसांत तो येतो, म्हणजे तुमचा एव्हाना लॅबमध्ये तयार असेल. फॉलोअपला जाताना तो घेऊनच जा, आणि ताप-कावीळ आहे की नाही तेही इथे कळवा.